थंड पाण्यातील डायव्हिंग आणि सुटाची निवड

कोल्हापूरकरांच्या दृष्टीने डायव्हिंगला जाणे म्हणजे राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाट उतरणे आणि मालवण किंवा तारकर्ली गाठणे. तेथील समुद्राचे पाणी हंगामात साधारण 26 ते 30 अंश सेल्सिअस असते. त्यामुळे आपल्याकडे शिकलेल्या डायव्हरच्या मनात सूट म्हणजे खडकावर खरचटू नये, जेलीफिशने पोळू नये म्हणून घालायची वस्तू, एवढीच कल्पना राहते. अलीकडे आपल्या भागातील बरीच मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी जर्मनी, इंग्लंड, नॉर्वे येथे गेली आहेत, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी तारकर्लीला डायव्हिंगचे प्रमाणपत्र घेतले होते त्यांच्याकडून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "दादा, इथले पाणी आठ अंश आहे, किती मिलिमीटरचा सूट घेऊ?" माझे मत असे आहे की या विचाराची सुरुवात मिलिमीटरपासून करूच नये. डाइव्हच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, म्हणजे हालचाल कमी झालेली असताना आणि वर येण्याची सर्व कामे शिल्लक असताना, आपल्या अंगात आणि बोटांत किती ऊब उरलेली असेल, याचा अंदाज आधी घ्यावा आणि त्यानुसार सूट ठरवावा.

पाणी उष्णता किती झपाट्याने ओढते हे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. लालभडक तापलेला लोखंडी भाग हवेत ठेवला तर बराच वेळ धगधगत राहतो, आणि पाण्यात सोडला तर काही क्षणांत काळा पडतो. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे 25 पट असते, शिवाय तेवढ्याच घनफळाचे पाणी एका अंशाने तापवण्यास हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता लागते. म्हणून अंगालगतचे पाणी लवकर तापून शांत होत नाही, ते उष्णता घेतच राहते. उघड्या अंगाने निश्चल बसलेल्या माणसाला उष्णता न गमावता पाण्यात राहायचे असेल, तर ते पाणी 33 ते 35 अंशांचे असावे लागते. म्हणजे मालवणचे 28 अंशांचे पाणीदेखील तासाभरात आपल्याकडून बरेच काही काढून घेते, मात्र ते इतके सावकाश घडते की होडीत आल्यावर एका कप चहात त्याचा विसर पडतो.

आठ अंशांच्या पाण्यात तसा विसर पडत नाही. शरीराचे अंतर्गत तापमान 35 अंशांच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात, हे सर्वांना पाठ असते. परंतु डायव्हरची अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण 15 अंशांखाली उतरले की बोटांचे कौशल्य कमी होऊ लागते, बकल सापडते पण उघडत नाही, टॉर्चचा हूक निसटतो. त्यानंतर गेजवरचा आकडा डोळ्यांना दिसतो, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागतो. ही स्थिती जमिनीवर केवळ त्रासदायक ठरेल. पाण्याखाली ती धोकादायक असते, आणि सुटाची निवड मुळात ती टाळण्यासाठी करायची असते.

वेटसूटविषयी, म्हणजे आत पाणी शिरू देणाऱ्या, निओप्रीन नावाच्या फेसाळ रबराच्या सुटाविषयी, आपल्याकडे एक समज पक्का रुजलेला आहे, तो असा की सुटात शिरलेले पाणी अंगाने तापते आणि ते तापलेले पाणी आपल्याला उबदार ठेवते. प्रत्यक्षात उष्णता अडवण्याचे काम निओप्रीनमध्ये कोंडलेले वायूचे सूक्ष्म बुडबुडे करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी 1951-52 च्या सुमारास वेटसूट विकसित केला, तेव्हा त्यांच्या विचाराचे मर्म हेच होते : रोधक थर स्वतःमध्ये वायू धरून ठेवत असेल, तर अंग कोरडे राहिलेच पाहिजे असे नाही. आत शिरलेल्या पाण्याकडून अपेक्षा एवढीच की त्याने जागच्या जागी राहावे. सूट कमरेच्या खळग्यात किंवा मानेपाशी सैल असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर आतले तापलेले पाणी बाहेर जाते आणि थंड पाणी आत येते. अशा वेळी 7 मिलिमीटरचा सैल सूट 5 मिलिमीटरच्या घट्ट सुटापेक्षाही कमी उपयोगाचा ठरतो. युरोपात भाड्याने मिळणारे सूट तिकडच्या बांध्यानुसार कापलेले असतात, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना ते छातीत बरोबर आणि पाठीत सैल बसतात. सूट घालून खाली वाकावे, हात वर करावेत, आणि पाठीच्या कण्यालगत हवेची पोकळी जाणवली तर दुसरा मागावा. दुकानदाराला कंटाळा आला तरी संकोच करू नये.

बुडबुड्यांवर अवलंबून असलेल्या या व्यवस्थेची खरी मर्यादा खोलीवर उघड होते. दहा मीटरवर एकूण दाब दोन बार होतो आणि वायूचे घनफळ निम्मे होते; तीस मीटरवर दाब चार बार आणि घनफळ एक चतुर्थांश. निओप्रीनमधील रबर स्वतः फारसे दबत नाही, म्हणून सुटाची जाडी अगदी चौथाईवर येत नाही, परंतु जो वायू उष्णता अडवत होता तोच आकुंचन पावल्यामुळे सुटाची रोधक शक्ती मोठ्या प्रमाणात घटते. थोडक्यात, दुकानातील चिठ्ठीवर छापलेले 7 मिलिमीटर हे पृष्ठभागावरचे माप असते. त्यातच बहुतेक तलावांत आणि समुद्रांत खोलीबरोबर पाणीही गार होत जाते, म्हणजे सूट सर्वांत पातळ झालेला असतो तेथेच पाणी सर्वांत थंड असते. याच दबण्यामुळे तरणशक्तीही कमी होते. जाड सूट वर असताना तरंगतो म्हणून शिशाची वजने जास्त बांधावी लागतात, आणि खाली गेल्यावर तीच वजने डायव्हरला ओढू लागतात, मग बीसीडीत, म्हणजे हवा भरता येणाऱ्या जाकिटात, हवा भरून तोल सांभाळावा लागतो. अनेक वर्षे वापरलेल्या सुटातील बुडबुडे कायमचे चेपलेले असतात. जुना 7 मिलिमीटरचा सूट स्वस्तात मिळत असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तरीही प्राथमिक अंदाजासाठी आकडे लागतातच. पाणी 24 अंशांच्या वर असेल तर 3 मिलिमीटरचा सूट बहुतेकांना पुरतो. 18 ते 24 अंशांत 5 मिलिमीटरचा. 12 ते 18 अंशांत 7 मिलिमीटरचा किंवा मनगट, घोटे आणि झिप यांतून पाण्याची ये-जा रोखणारा सेमी-ड्राय. आणि 12 अंशांच्या खाली माझ्या मते ड्रायसूटच, म्हणजे अंग कोरडे ठेवणारा सूट. शिकाऊ मुलांना आठ अंशांत सेमी-ड्राय घालून उतरवणारे क्लब तिकडे आहेत, हे मला माहीत आहे. एखादी छोटी, उथळ डाइव्ह त्यात निभावून जाते. पण तासाभराने ओल्या सुटात वाऱ्यात उभे राहून दुसऱ्या डाइव्हची वाट पाहणे म्हणजे उरलीसुरली ऊब फुकट घालवणे आहे. शिवाय हे आकडे मध्यम बांध्याच्या निरोगी माणसाचे आहेत. सडपातळ माणूस लवकर गारठतो, भरदार शरीराचा सावकाश; पण तालमीत घाम गाळलेला गडी असला तरी त्याच्या बोटांना आणि कानांना थंडी वेगळी वागणूक देत नाही. उपाशी, जागरण झालेला किंवा आदल्या दिवशीच विमानाने येऊन थकलेला माणूस नेहमीपेक्षा लवकर कुडकुडतो, आणि कोल्हापूरहून जाणारा डायव्हर पहिल्या दिवशी बहुधा याच अवस्थेत असतो.

केवळ तापमानाच्या आकड्यावर विसंबून का चालत नाही हे दोन ठिकाणांच्या तुलनेवरून चांगले समजते. आइसलँडमध्ये थिंगवेटलिर येथे सिल्फ्रा नावाची भेग आहे. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे पडलेल्या या भेगेत लांगयोकुल हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या खडकातून अनेक वर्षे झिरपत येते. ते वर्षभर 2 ते 4 अंश असते आणि इतके स्वच्छ की शंभर मीटरपर्यंत दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांमधील स्कापा फ्लो येथे 21 जून 1919 रोजी जर्मन नौदलाचा नजरकैदेतील ताफा त्याच्याच खलाशांनी बुडवला, आणि त्यातील कोनिग, क्रोनप्रिंझ विल्हेल्म व मार्कग्राफ या युद्धनौकांसह काही जहाजे आजही तळाशी आहेत. तेथील पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस 12 ते 14 अंशांच्या आसपास पोहोचते. आकडेच पाहिले तर सिल्फ्रासाठी कितीतरी जाड कपडे लागतील असे वाटते. परंतु सिल्फ्रात कमाल खोली 18 मीटर ठरवून दिलेली आहे आणि डाइव्ह अर्ध्या-पाऊण तासात संपते. स्कापा फ्लोच्या युद्धनौका 35 ते 45 मीटरवर असल्याने तेथून वर येताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून दोरीला धरून स्थिर थांबावे लागते, आणि एकूण वेळ सहज तासाच्या घरात जातो. त्यामुळे दोन्ही ठिकाणी मी जवळजवळ सारखाच जाड अंडरसूट (ड्रायसूटच्या आत घालायचा उबदार पोशाख) सुचवतो. हातमोजे मात्र सिल्फ्रासाठी अधिक विचारपूर्वक घ्यावेत, कारण तेथे सर्वांत आधी बोटे हार मानतात.

गोड्या पाण्याच्या तलावांत आणखी एक बाब असते. गोडे पाणी 4 अंशांना सर्वांत दाट आणि जड असते, म्हणून उन्हाळ्यात वरचा थर उन्हाने तापला तरी थंड, जड पाणी तळाशी बसून राहते, आणि दोहोंच्या सीमेवर काही मीटरच्या अंतरातच तापमान एकदम कोसळते. हा थर्मोक्लाइन. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरमधील स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण आज डायव्हिंगचे प्रसिद्ध ठिकाण आहे. अशा जागी ऑगस्टमध्ये काठावर पाय घातलेल्या माणसाला पाणी सुखद वाटेल, पण त्याच्या डाइव्हचा बराचसा भाग वेगळ्याच ऋतूत होणार असतो. म्हणून स्थानिक मंडळींना "पाणी किती अंश आहे?" असे विचारण्याऐवजी "तुम्ही जाता त्या खोलीवर काल संगणकाने किती दाखवले?" असे विचारावे. डायव्हरच्या मनगटावरील डाइव्ह-संगणकात ती नोंद असतेच.

आता ड्रायसूट. आज सर्वाधिक दिसणारा प्रकार ट्रायलॅमिनेटचा, म्हणजे दोन कापडी थरांमध्ये ब्युटाइल रबराचा थर असलेला. मान व मनगटांवर लॅटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनची सीले, म्हणजे पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्ट्या, असतात आणि झिप जलरोधक असते. नवख्या माणसाला हे पचवणे जड जाते, पण हा सूट स्वतः जवळजवळ काहीच ऊब देत नाही. तो फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब देतो तो आतल्या अंडरसूटने धरून ठेवलेला वायू. त्यामुळे 'कोणता ड्रायसूट' यापेक्षा 'आत काय घालणार' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच प्रश्न खरेदीच्या उत्साहात मागे पडतो. निओप्रीनचे ड्रायसूटही मिळतात, विशेषतः चेपून दाट केलेल्या निओप्रीनचे. ते टिकाऊ आणि थोडी ऊब देणारे असतात, पण जड असतात आणि लवकर वाळत नाहीत. विमानाने जाणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

अंडरसूटमध्ये सुती कापड अजिबात असू नये. इचलकरंजीच्या शेजारी राहून सुती कापडाविषयी असे लिहिताना थोडे जड वाटते, पण पाणी शोषून धरण्याचा जो गुण आपल्या उन्हाळ्यात सुती सदऱ्याला सुखद बनवतो, तोच येथे घातक आहे : घामाने किंवा सीलमधून झिरपलेल्या पाण्याने भिजलेले सुती बनियन अंगाला चिकटते आणि उष्णता ओढू लागते. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर असावा, त्यावर फ्लीस किंवा थिन्सुलेट (बारीक कृत्रिम तंतूंचे अस्तर) भरलेला अंडरसूट. थिन्सुलेटचे वैशिष्ट्य असे की ते भिजले तरी बऱ्यापैकी रोधक राहते. साध्या फ्लीसची फुगीरता दाबाखाली अधिक चेपते. पायमोज्यांकडे दुर्लक्ष होते, आणि पाय हृदयापासून सर्वांत दूर व डाइव्हमध्ये बहुधा खालच्या बाजूला असल्याने तेथील वायू वर निघून जाऊन मोजे चेपतात. मात्र दोन-तीन जाड मोजे कोंबून बूट घट्ट केला तर मोज्यांत वायूच उरत नाही आणि रक्ताभिसरणही आवळले जाते. एक जाड लोकरी मोजा आणि बुटात हलणारी बोटे, हे पुरेसे असते.

ड्रायसूट घालून खाली जाताना आतला वायू आकुंचन पावतो आणि सूट अंगाला चिमटे काढू लागतो, म्हणून छातीवरील व्हॉल्व्हमधून थोडी थोडी हवा भरावी लागते; वर येताना तीच हवा प्रसरण पावते आणि डाव्या दंडावरील व्हॉल्व्हमधून सोडावी लागते. पाय वर आणि डोके खाली अशी स्थिती झाली तर हवा पायांत जमते, दंडावरील व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही आणि डायव्हर फुग्यासारखा वर फेकला जाऊ शकतो. म्हणून या सुटाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय थेट सहलीवर जाऊ नये. सिल्फ्रासारख्या ठिकाणी ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा पूर्वानुभवाची नोंद मागितली जाते, आणि ती मागणी योग्यच आहे. प्रशिक्षण शक्यतो त्याच जाडीच्या अंडरसूटमध्ये घ्यावे जो पुढे वापरायचा आहे, कारण अंडरसूट बदलला की वजने बदलतात आणि सगळा तोल नव्याने शिकावा लागतो. सुटात अधिक ऊब मिळावी म्हणून आर्गॉन भरणारेही आहेत. त्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, पण त्यासाठी वेगळे सिलिंडर बाळगावे लागते आणि साध्या डायव्हिंगमध्ये तो खटाटोप मला अनावश्यक वाटतो. हेलियममिश्रित वायू मात्र सुटात कधीही भरू नये, कारण हेलियम उष्णता हवेच्या सुमारे सहापट वेगाने वाहून नेतो.

ऊब आणि डीकम्प्रेशन, म्हणजे वर येताना दाब कमी होत जाणे, यांचा संबंध कमी लोकांना माहीत असतो. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही डायव्हरांना तळाशी 36 अंशांच्या आणि काहींना 27 अंशांच्या पाण्यात ठेवले, व वर येतानाच्या थांब्यांवरही हीच दोन तापमाने आलटूनपालटून दिली. तळाशी गरम आणि थांब्यांवर गार राहिलेल्यांना डीकम्प्रेशन आजाराचा (दाब घटल्याने शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका सर्वाधिक आढळला. तळाशी गार आणि वर येताना गरम राहिलेल्यांना सर्वांत कमी. कारण समजण्यासारखे आहे : उबदार शरीरात रक्तप्रवाह खुला असतो आणि नायट्रोजन ऊतींत वेगाने शिरतो, मग शरीर गारठले की त्वचेकडील रक्तवाहिन्या आवळतात आणि तोच नायट्रोजन बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. अपुरा सूट घालणाऱ्या डायव्हरच्या बाबतीत अगदी हाच वाईट क्रम घडतो, कारण तो सुरुवातीला उबदार असतो आणि थांब्यांवर गारठतो. बॅटरीवर चालणारे तापणारे जॅकेट आता सर्रास मिळते, पण ते सुरुवातीलाच पूर्ण क्षमतेने चालवून परतीच्या वेळी बॅटरी संपू देणे म्हणजे तोच क्रम पैसे मोजून विकत घेणे होय. अंडरसूट एवढा असावा की जॅकेट बंद पडले तरी थांबे सुखरूप पूर्ण होतील. वर आल्याबरोबर कढत पाण्याने अंघोळ करण्याचा मोहही थोडा वेळ आवरावा, कारण तापलेल्या ऊतींत वायूची विद्राव्यता घटते आणि बुडबुड्यांना वाव मिळतो.

हूड हा गौण भाग नाही. थंड पाणी एका कानात आधी आणि दुसऱ्यात नंतर शिरले तर तोल सांभाळणारी आतली यंत्रणा गोंधळते आणि काही क्षण गरगरते. व्यवस्थित बसणारा हूड ही शक्यता बरीच कमी करतो. चेहऱ्यावर गार पाणी लागताच श्वास अडखळतो, म्हणून उतरण्यापूर्वी काठावरच चेहरा दोन-तीनदा पाण्यात बुडवून श्वास स्थिर करून घ्यावा. हातांसाठी 5 मिलिमीटरचे ओले मोजे 10 ते 12 अंशांपर्यंत चालतात. त्याखाली मनगटाला कड्यांनी जोडले जाणारे कोरडे हातमोजे आणि आत लोकरी मोजे घ्यावेत. मोजे घालून बकल, बीसीडीची बटणे आणि टॉर्च हाताळण्याचा सराव आधी जमिनीवर करावा. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील हवा श्वासासाठी देणारे उपकरण, हा या लेखाचा विषय नाही, तरी 10 अंशांखाली थंड पाण्यासाठी प्रमाणित केलेलाच वापरावा, एवढे सांगून ठेवतो. साधा रेग्युलेटर गोठून सतत हवा सोडू लागला तर सुटाची ऊब काही कामाची नाही.

लघवीचा प्रश्न सभ्य लेखनात टाळला जातो, पण थंड पाण्यात बुडालेले शरीर अधिक मूत्र तयार करते आणि ड्रायसूट वेटसूटसारखा सोयीस्कर नसतो. म्हणून अनेकजण सकाळपासून पाणी पिणेच बंद करतात, आणि शरीरातील पाणी कमी होणे हे डीकम्प्रेशनच्या दृष्टीने वाईट असते. पाणी प्यावे, चहा मर्यादेत ठेवावा, आणि लांब डाइव्ह नेहमी करणाऱ्याने सुटात त्यासाठी खास व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

राहिला खरेदीचा प्रश्न. तिकडे स्थायिक झालेल्या आणि नियमित डाइव्ह करणाऱ्या माणसाने स्वतःचा ड्रायसूट अवश्य घ्यावा. कोल्हापुरात राहून कधीतरी थंड पाण्यात जाणाऱ्याने मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगला सूट येथे येईपर्यंत लाखाच्या पुढे जातो. लॅटेक्सची सीले उष्णतेने आणि काळाने चिकट होऊन फाटतात, आपल्या जुलैच्या दमट हवेत कपाटातल्या वस्तूंना बुरशी धरते, आणि सील बदलून देणारा किंवा झिप दुरुस्त करणारा कारागीर जवळपास मिळत नाही. सूट भाड्याने घ्यावा. अंगालगतचे कपडे, अंडरसूट, हूड आणि हातमोजे स्वतःचे घ्यावेत, कारण ते सामानात मावतात, आपल्या मापाचे असतात आणि काश्मीर किंवा लडाखच्या प्रवासातही वापरता येतात. भाड्याच्या केंद्राला आधीच पत्र पाठवून उंची, वजन, छाती, पावलाचे माप, तसेच मानेचा आणि मनगटाचा घेर सेंटिमीटरमध्ये कळवावा, आणि अंडरसूट किती जाड आहे तेही लिहावे. मनगट बारीक असून मूठ आवळताना शिरा उठून दिसत असतील, तर त्या खोबणीतून पाणी झिरपते. अशांनी सिलिकॉनची लहान मापाची सीले आहेत का, हे त्याच पत्रात विचारून घ्यावे.